मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कसा काढाल?

आई-बाबा पहिल्यांदा लंडनला निघाले की घरात एकच प्रश्न असतो: नक्की किती तास बसायचंय? तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की उत्तर चुकतं, कारण त्या दोन वेगळ्या देशांच्या घड्याळांतल्या वेळा असतात.

आधी अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. तिथली सरळ रेषा तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेजवळून जाते, आणि ती खऱ्या जवळच्या वाटेपेक्षा सुमारे २०० किमी लांब पडते. पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंमी असतो, आणि दोरा १७ सेंमीच्या आसपास भरतो. १७ ला ९४ ने भागून पृथ्वीच्या घेराने, म्हणजे ४०,००० किमीने, गुणा. उत्तर येईल ७,२०० किमीच्या आसपास. मुंबई विमानतळ ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे काटेकोर अंतर सुमारे ७,२१० किमी आहे. गूगल मॅप्सवर अंतर मोजण्याच्या सोयीनेही हेच मिळेल, पण मुलांना दोऱ्यानेच दाखवा. दोरा कराचीजवळून, इराण आणि कॉकेशसवरून (काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधला डोंगराळ भाग) वर चढतो हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्या.

आता या अंतरात पाचेक टक्के मिळवा. विमान दोऱ्यासारखं सरळ जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे कंपनीनुसार वळसा बदलतो. आपण ७,६०० किमी धरू.

वेगाचा भाग सर्वांत रंजक आहे. मोठं जेट विमान ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं, पण वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. लंडनला जाताना ते समोरून येतात. ताशी ७० किमीची सरासरी अडचण धरली तर वेग उरतो ८३०, म्हणजे सुमारे ९ तास १० मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी ४० मिनिटं धरा: ९ तास ५० मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी असतो, वेग ९७० होतो आणि प्रवास साडेआठ तासांत आटोपतो. एकाच वाटेवर तासाभराहून जास्त फरक पडतो तो यामुळेच.

शेवटी घड्याळ. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे अंतर साडेचार तासांचं होतं. समजा, जूनमध्ये विमान मुंबईहून पहाटे २ ला सुटतं आणि लंडनला ७ ला पोहोचतं. पोहोचण्याची वेळ आपल्या घड्याळात आणा: साडेअकरा. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा.

तारखेकडे मात्र जपून पाहा. तिकिटावर १५ तारीख आणि पहाटे २ असेल, तर घरातून १४ च्या रात्रीच निघायचं. आई-बाबांना हे फोनवर सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. नेमक्या दिवशी विमान कुठवर आलंय ते फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसतं, त्यामुळे हीथ्रोवर घ्यायला जाणाऱ्याने विमानाचा क्रमांक आधीच मागून ठेवावा.