मामांच्या द्राक्षबागेसाठी क्लोजरस्क्रिप्टमध्ये मोबाइल अ‍ॅप

माझे मामा निफाडचे, द्राक्षबागायतदार. फवारणीची वही पावसात भिजली तेव्हा म्हणाले, "एवढा शिकलास, मोबाइलवर काहीतरी करून दे." त्यांच्याकडे अँड्रॉइड, मामीकडे आयफोन. दोन्हींवर एकच कोड चालावा म्हणून रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घेतलं, आणि जावास्क्रिप्टपेक्षा मला क्लोजर ही भाषा मानवते म्हणून क्लोजरस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होणारं क्लोजर.

फोनला लगेच हात लावू नका, आधी हिशेब लिहा. बागेत सगळं छाटणीपासून मोजतात. छाटणीची आणि आजची तारीख दिली की दिवस सांगणारं फंक्शन लिहा. आजची तारीख त्याने स्वतः घड्याळात बघायची नाही, आपण बाहेरून द्यायची. मग मार्चमधली काढणी ऑक्टोबरातच आरईपीएलमध्ये, म्हणजे कोड टाकताच उत्तर देणाऱ्या खिडकीत, तपासता येते. छाटणीचा दिवस शून्य धरायचा की एक, यावर मामांशी अर्धा तास वाद झाला. ते सांगतील तसं करा, फंक्शनमध्ये बदल एका आकड्याचा आहे. प्रत्येक फवारणी म्हणजे एक मॅप (नाव आणि मूल्याच्या जोड्या), सगळी वही म्हणजे त्यांचा व्हेक्टर (क्रमवार यादी).

मग एक्स्पोचा (रिअ‍ॅक्ट नेटिव्हची अ‍ॅप बनवायचं साधन) रिकामा प्रोजेक्ट घ्या, त्यात क्लोजरस्क्रिप्टचं जावास्क्रिप्ट करणारं शॅडो-सीएलजेएस टाका, टार्गेट रिअ‍ॅक्ट-नेटिव्ह. आधी शॅडोचा वॉच (कोड बदलला की पुन्हा रूपांतर करणारी कमांड) चालू करा, नंतर एक्स्पो. उलट केलंत तर फाइलच सापडत नाही म्हणून मेट्रो, म्हणजे फोनसाठी सगळ्या फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम, बोंब मारतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं फास्ट रिफ्रेश (बदललेला कोड आपोआप फोनवर नेणं) बंद ठेवा, नवा कोड शॅडोच पाठवतो.

माझी एक अख्खी संध्याकाळ फ्लॅटलिस्टने, म्हणजे लांब यादी दाखवणाऱ्या घटकाने, खाल्ली. रेजंटमध्ये (क्लोजरस्क्रिप्टमधून रिअ‍ॅक्ट वापरायची लायब्ररी) सगळीकडे हिकप व्हेक्टर (पडद्यावर काय दिसावं ते सांगणारा व्हेक्टर) लिहायची सवय, म्हणून रेंडर-आयटममधूनही (यादीतली एक ओळ काढणारं फंक्शन) तोच परत दिला आणि पडदा एररने लालभडक. ते फंक्शन रेजंट नव्हे, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह बोलावतं, त्याला व्हेक्टर कळत नाही. तिथे रेजंटच्या अ‍ॅज-एलिमेंट फंक्शनमधून गुंडाळून द्या. डेटाही इन्टू-अ‍ॅरेने जावास्क्रिप्टचा अ‍ॅरे करून द्या, आतले मॅप तसेच राहू देत.

कोड बदलूनही फोन ढिम्म हलत नसेल तर लॅपटॉपवरचं व्हीपीएन किंवा डॉकर बघा. त्यांच्यामुळे शॅडो लॅपटॉपचा भलताच आयपी (नेटवर्क पत्ता) पकडतो, कॉन्फिगमध्ये लोकल-आयपी हाताने लिहा.

मामींच्या आयफोनवर वेगळं करावं लागलं ते तारीख निवडायचं तेवढं. अँड्रॉइडवर ती खिडकी वर उघडते, म्हणून बटण दाबल्यावरच दाखवायची. आयफोनवर ती पडद्यातच बसते. तेवढ्यापुरता प्लॅटफॉर्म तपासा.