कूलर अजून खिडकीतच आहे? नागपूरच्या गारठ्यात ड्युटीला जाणाऱ्यांनी या चुका टाळा

नागपूरच्या घरात थंडी कूलरमधून शिरते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, म्हणून आपण खिडकीत भलामोठा डेझर्ट कूलर बसवतो आणि दिवाळी उलटली तरी तो काढायचं कुणाच्या मनात येत नाही. "काऊन काढता बाप्पा, चार महिन्यांनी पुन्हा बसवायचाच आहे ना!" हे वाक्य आमच्या घरात दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. मग डिसेंबरात उत्तरेचं वारं सुटलं की तीन बाजूंनी ताट्या असलेला तो डबा रात्रभर खोलीत गार हवा सोडत बसतो. आम्ही दोन हिवाळे दोन-दोन रजया घेऊन कुडकुडलो. शेवटी एका रात्री आईने कूलरच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाली, "अरे, इथून तर वारा येऊन राहिला!"

कूलर काढणं जमत नसेल तर बाहेरून ताडपत्री किंवा जुना फ्लेक्स घट्ट बांधा आणि आतल्या तोंडाला जाड पुठ्ठा लावा. ताट्या काढून वाळवा. टाकीतलं उरलेलं पाणी आधी काढून टाका, नाहीतर त्यात डास होतात.

कूलरपासून सुरुवात केली, कारण आपल्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. आपली घरं, कपडे, सवयी सगळं उन्हासाठी बेतलेलं. थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, तिच्यासाठी कोण तयारी करतो? या पाहुणीने २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर नेला होता. शनिवार होता तो. मी मानेवाड्याहून बुटीबोरीला बाईकवर निघालो, अंगात बायकोने विणलेला जाड स्वेटर, हात उघडे. खापरीपर्यंत पोहोचता पोहोचता क्लच दाबायला बोटं वळेनात. रस्त्याच्या कडेला गाडी लावून सायलेन्सरजवळ हात शेकत उभा राहिलो. लाज वाटली, पण शेजारी आणखी दोघं तेच करत होते.

स्वेटरवर भिस्त ठेवणं

विणलेला स्वेटर घरात उत्तम. गाडीवर त्याच्या प्रत्येक टाक्यातून वारा आरपार जातो. बाईकवर लढाई वाऱ्याशी असते, म्हणून सर्वांत वर वारा अडवणारं काहीतरी हवं. विंडचीटर चालेल, रेनकोटचं जॅकेटही चालेल. बाबा नोकरीत होते तेव्हा लुनावर जाताना शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये छातीशी कालचा पेपर घालायचे. आम्ही हसायचो. २०१८ च्या त्या शनिवारनंतर मीही घालतो.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. आकाश निरभ्र असलं की सकाळी ८ अंश असतात आणि दुपारी २६-२७. कोरडी हवा आणि ढग नसलेली रात्र, त्यामुळे जमीन भराभर निवते. दिवसा तेच मोकळं आभाळ ऊन भरपूर देतं. सकाळच्या हिशोबाने आत थर्मल घालून गेलेला माणूस दुपारी दीड वाजता घामाघूम होतो आणि संध्याकाळी साडेसहाला त्याच ओलसर बनियनवर वाऱ्यात निघतो. सर्दी झाली की दोष थंडीला. त्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर करा, म्हणजे ऑफिसात एकेक उतरवता येतो. थर्मल घालायचंच असेल तर डब्याच्या पिशवीत एक सुका बनियन टाका.

लेकरांना गाडीवर पुढे उभं करू नका. सगळा वारा ते खातात आणि आपण त्यांच्या आडोशाला बसतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. मागे किंवा दोघांच्या मध्ये बसवा.

बाथरूमचा झरोका बुजवणं

बाकी सगळ्या चुकांनी फार तर सर्दी होईल. ही चूक जीव घेऊ शकते.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने बाथरूमचा झरोका पोत्याने बुजवला, कारण आंघोळीच्या वेळी वरून गार वारा येई. आत गॅस गीझर. आठवडाभराने मुलगी आंघोळ करताना घेरी येऊन भिंतीला टेकली. आम्ही म्हटलं, उपाशीपोटी गेली असेल. दुसऱ्या दिवशी बायकोचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं. आधी बाबा, मग मी, मग मुलगी, मग बायको असा आमच्या आंघोळीचा क्रम. त्रास शेवटच्या दोघींनाच होत होता, आणि तिथे माझी ट्यूब पेटली. बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. प्रत्येक आंघोळीगणिक तो साठत जातो, म्हणून शेवटी जाणाऱ्याला धोका सर्वांत जास्त.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्या. ते होईपर्यंत झरोका उघडा ठेवा, आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मग आत जा. आत कुणाला घेरी आलीच तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. लिंबू-सरबत पाजत बसू नका.

हाच हिशोब शेगडीला लागू. आमच्या कंपनीतल्या रात्रपाळीच्या चौकीदाराने एकदा केबिनचं दार लावून आत कोळशाची शेगडी ठेवली होती. सकाळच्या शिफ्टच्या माणसाने दार ठोकलं तेव्हा त्याला उठता येईना. वाचला. आता शेकोटी गेटबाहेर पेटते आणि तिच्याभोवती आम्हीही पाच मिनिटं उभे राहतो.

विजेच्या गीझरचा घोळ

इथे धोका कमी, भांडणं जास्त. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण २४ मिनिटं घेतो आणि पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज खातो. म्हणजे एकाची आंघोळ झाल्याबरोबर दुसरा घुसला तर त्याच्या वाट्याला कोमटच पाणी येणार, आणि मग "तूच सगळं गरम पाणी संपवलं" सुरू. ज्याची बस आधी तो आधी, आणि दोघांमध्ये वीस मिनिटांचं अंतर, असा नियम आम्ही फ्रिजवर चिकटवलाय. ऑफिस नसलेले बाबा नऊ वाजता, ऊन आल्यावर. आधी ते रुसले होते.

रूम हीटरही बहुधा २ किलोवॅटचा असतो. तो मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, वायर वितळते. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा मोठा प्लग शोधा. पाण्यात बुडवायचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून "तापलं का" पाहू नका.

म्हाताऱ्यांचा पहाटेचा फेरफटका

बाबांचा हट्ट असा की फिरायला जायचं ते पहाटे पाचलाच. "शुद्ध हवा असते." हिवाळ्यात ती तशी नसते. थंड, स्थिर हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर, धूळ वर न जाता त्यातच अडकून राहतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ब्लडप्रेशर वाढतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने साडेसात-आठनंतर निघावं, कान झाकून. हे बाबांना मी सांगून ते ऐकले नाहीत, डॉक्टरांनी सांगितल्यावर ऐकले. अंबाझरीचा त्यांचा ग्रुपही आता उन्हं आल्यावरच जमतो.

गाडी आणि रस्ता

सकाळी गाडी चालू होत नाही म्हणून सेल्फ दाबूनच ठेवणं ही बॅटरी मारायची खात्रीशीर युक्ती. गारठ्यात बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते. पाच सेकंद दाबा, सोडा, थोडं थांबा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढा. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक घुईं आवाज थांबू द्या, मग सेल्फ. चालू झाल्या झाल्या रेस करून गल्ली उठवायची गरज नाही. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश जा. टायरमधली हवाही थंडीत उतरते, महिन्यातून दोनदा तरी पाहा.

वर्धा रोडला धुकं असलं तर अपर नव्हे, डिपर. अपरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. तोंडावर रुमाल बांधून वर हेल्मेटची काच पूर्ण लावली तर श्वासाची वाफ काचेवरच बसते, ती बोटभर उघडी ठेवा. फारच गारठा असेल त्या दिवशी मी गाडी मेट्रो स्टेशनवर लावून खापरीपर्यंत मेट्रोने जातो आणि पुढे कंपनीच्या बसने. हिंगणा एमआयडीसीवाल्यांना लोकमान्यनगरची लाइन आहे. डिसेंबरात अधिवेशन असलं आणि सीताबर्डी ओलांडायची असेल तर मोर्चांमुळे मेट्रोच बरी पडते, थंडी असो-नसो.

जानेवारी लागला की गळा झाकायचं आणखी एक कारण असतं. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस रस्त्यावर नायलॉन मांजा लोंबतो. राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो आणि दरवर्षी दुचाकीवाल्यांचे गळे कापतात. मफलर गळ्याभोवती दोन वेढे घट्ट घ्या आणि टोकं जॅकेटच्या आत खोचा. ओढणी किंवा स्टोलचं सुटलेलं टोक चाकात गेलं तर ते वेगळंच संकट. गल्लीबोळांत वेग कमी, आणि मूल पुढे तर अजिबात नाही.

ऑफिसात

आमच्याकडे एक भाऊ जानेवारीतही पंखा लावतात. "आवाज नसला तर काम सुचत नाही." त्या पंख्याखाली बसणाऱ्या ताई शाल पांघरून टायपिंग करतात. दोन वर्षं यावर टोमणे चालले. शेवटी जागांची अदलाबदल झाली आणि प्रश्न पाच मिनिटांत मिटला. खिडकीजवळची, उन्हाची जागा ज्याला थंडी जास्त वाजते त्याला द्या. त्यासाठी मॅनेजरची परवानगी कशाला लागते?

साडेनऊची मीटिंग या महिन्यात दहाला ठेवली तर काही बुडत नाही. काटोल, उमरेडकडून गाडीवर येणाऱ्याची बोटं तेवढ्यात पेन धरण्याजोगी होतात. ते जमणार नसेल तर निदान चहा मीटिंगच्या आधी येऊ द्या.

पण चहावरच दिवस काढू नका. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं निम्म्यावर येतं, आणि दुपारी चारला डोकं धरतं. ती गोष्ट आपण पाचव्या चहाने सोडवायला जातो. टेबलावर कोमट पाण्याची बाटली ठेवा. डबा मात्र गच्चीवर न्या. दुपारच्या उन्हात पाठ शेकत, मधोमध मेथीची भाजी, ज्वारीची भाकर आणि कुणीतरी आणलेली संत्री, असं जेवण एसी कॅन्टीनमध्ये होत नाही.

सुटल्यावर "एक पेग मारला की गरम वाटते" म्हणणारे सहकारी सगळीकडे असतात. वाटतं, खरं आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब बाहेर येते आणि शरीर आतून गार होत जातं. वर गाडी चालवायची असते, ते वेगळंच.

रात्रीची दहा मिनिटं

डब्यासाठीचं दही लागत नाही ही आमच्या घरची जुनी तक्रार. कोमट दुधाला नेहमीपेक्षा जरा जास्त विरजण लावा आणि भांडं गव्हाच्या डब्यात रुतवून ठेवा, सकाळी घट्ट. इडलीचं पीठ झाकून, टॉवेलात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात. सिलिंडर संपत आला असेल तर गारठ्यात ज्योत आणखी मंद होते. तेव्हा तो आडवा करून हलवू नका, गॅस द्रवरूपात नळीत येऊ शकतो. दुसरा लावा, सकाळी साडेसहाला शोधाशोध नको. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नाही. (आमच्याकडे एक बाटली अशी गेली आहे.)

झोपण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या. ढग असतील तर पहाट जरा सुसह्य जाते. चांदण्या लख्ख दिसत असतील आणि उत्तरेकडून वारा असेल तर उद्या कडाका. मग जॅकेट, हातमोजे आणि कालचा पेपर गाडीच्या चावीपाशीच ठेवून द्या.