पासवर्ड बदलला, तरी मेल दुसरीकडे जातच असेल तर?

ईमेलमध्ये कुणी शिरल्याची शंका आली की आपण आधी पासवर्ड बदलतो. बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आत आलेल्याने जाता जाता मेल फॉरवर्ड करण्याची सोय करून ठेवली असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमची पत्रं त्याच्याकडे मुकाट्याने जात राहतात.

जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर उघडा. मोबाइल अ‍ॅपमध्ये फॉरवर्डिंगची सेटिंग मिळत नाही. 'सर्व सेटिंग्ज'मध्ये जाऊन फॉरवर्डिंगचा भाग पाहा. तिथे अनोळखी पत्ता दिसला तर काढून टाका. मग फिल्टर तपासा, कारण खरी चलाखी तिथे असते: 'बँक' किंवा 'ओटीपी' शब्द असलेलं पत्र परस्पर पुढे पाठवायचं आणि इनबॉक्समधून उडवायचं, असा नियम एका ओळीत बसतो. तुम्हाला ते पत्र आल्याचा पत्ताही लागत नाही.

रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेलही बघून घ्या. कित्येकांचा तिथला नंबर कधीच बंद पडलेला असतो, आणि बंद नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळू शकतो! नको त्या अ‍ॅप्सना दिलेली परवानगीही काढा.

एवढं झालं की टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवण्याची सोय, सुरू करा. फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायला गूगल त्यासाठी आठ अंकी 10 बॅकअप कोड देतं. ते कागदावर लिहून घरात ठेवा. त्याच ईमेलमध्ये ठेवू नका. खातं बंद झालं तर ते बघणार कसे?