‘मग त्याच्या पलीकडे काय?’ या प्रश्नाला वही घेऊन कसं भिडावं

दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) दाखवली की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती लांब?’ आणि दुसरा, ‘मग त्याच्या पलीकडे काय?’ पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं : सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. दुसऱ्याला मी हल्ली तोंडी उत्तर देत नाही. वही-पेन्सिल पुढे करते. विश्वाचं कोडं अनंताशी अडलेलं असतं, आणि अनंत नुसता ऐकून कळत नाही.

वहीत आडव्या ओळीत १, २, ३, ४, ५ असे आकडे लिहा, ओळ न संपता पुढे जाते असं समजा. प्रत्येकाच्या खाली त्याची दुप्पट लिहा : २, ४, ६, ८, १०. आता उभ्या रेघांनी जोड्या लावा. वरचा कोणताही आकडा जोडीदाराविना राहत नाही, खालचाही नाही. म्हणजे दोन्ही ओळी सारख्याच भरतात. पण खालच्या ओळीत तर विषम आकडे एकजात गाळलेत! गॅलिलिओला हाच पेच वर्गसंख्यांबाबत पडला होता. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं निष्कर्ष काढला की लहान, मोठा, समान हे शब्द अनंताला लावूच नयेत. गणितज्ञ गेऑर्ग कँटर तिथे थांबला नाही. जोड्या पुऱ्या लागल्या तर दोन्ही समूह सारखे, असं त्यानं सरळ ठरवूनच टाकलं.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘पण शेवटी कुठेतरी खालची ओळ आधी संपेलच की.’ शेवट आहेच कुठे? अनंताला फार मोठा आकडा समजणं सोडेपर्यंत पुढे जाऊ नका.

वजाबाकीही करून बघा, पटकन होते. सगळ्या आकड्यांमधून सम आकडे काढा, अनंत उरतात. त्याच सगळ्यांमधून ३ च्या पुढचे काढा, तीनच उरतात. दोन्ही वेळा अनंतातून अनंतच काढले, उत्तरं मात्र वेगळी. म्हणून ‘अनंत वजा अनंत किती?’ असं विचारून चालत नाही. काय काढलं ते सांगावं लागतं. शून्यानं भागल्यावर येणाऱ्या राशीला भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘खहर’ म्हटलं आणि तिच्यात काही मिळवलं किंवा वगळलं तरी ती बदलत नाही असं नोंदवलं. मर्यादित आकड्यांपुरतं ते चपखल आहे.

सगळे अनंत सारखेच का? नाही, आणि हे सिद्ध करायला पाच मिनिटं पुरतात. ० आणि १ यांच्या न संपणाऱ्या माळा घ्या. समजा, कुणी दावा केला की अशा सगळ्या माळांची यादी त्याच्याकडे आहे, क्रमांकासकट :

१) ०१०१…
२) ११००…
३) ००११…
४) १०१०…

पहिल्या माळेतला पहिला अंक, दुसऱ्या माळेतला दुसरा, असे तिरके उतरत जा : ०, १, १, ०. प्रत्येक अंक उलटा करा : १००१… ही नवी माळ पहिल्या माळेशी पहिल्याच जागी जुळत नाही, दुसरीशी दुसऱ्या जागी, हजाराव्या माळेशी हजाराव्या जागी. म्हणजे ती यादीत नाहीच. यादी कितीही हुशारीनं केलेली असो, एक माळ बाहेर राहणारच. म्हणजे या माळांचा अनंत १, २, ३… च्या अनंताहून मोठा. कँटरनं १८९१ साली दिलेली ही सिद्धता मला गणितातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पुढच्या कामाला ती लागत नाही, पण वगळायला जीव होत नाही.

आता पुन्हा दुपटीचा तक्ता. डावीकडे ०, -१, -२ असेही आकडे लिहून घ्या, म्हणजे कडा राहणार नाही. प्रत्येक आकडा ही एक दीर्घिका समजा आणि दुप्पट हे तिचं नंतरचं ठिकाण. तुम्ही ३ वर आहात. ४ तुमच्यापासून १ अंतरावर होता. आता तुम्ही ६ वर, तो ८ वर, अंतर २. १० वरचा ७ अंतरावर होता, तो २० वर गेला, म्हणजे अंतर १४. तेवढ्याच वेळात जवळचा १ नं लांबला आणि दूरचा ७ नं. जितकं अंतर जास्त तितका वेग जास्त : १९२७ साली भौतिकशास्त्रज्ञ लमेत्र यांनी समीकरणांतून मांडलेला आणि १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी निरीक्षणांतून दाखवलेला नियम तो हाच. शून्य जागचं हललं नाही म्हणून ते केंद्र, असं कुणी म्हणालं तर त्याला -५ वर उभं करा. तिथूनही हेच दिसतं.

या तक्त्यात पसरायला बाहेरची जागा लागली का? नाही. ओळ आधीही अनंत होती, नंतरही आहे. फक्त अंतरं वाढली. उलट दिशेनं निम्मी-निम्मी करत गेलात तरी ओळ अनंतच राहते. विश्व खरोखर अनंत असेल, तर महास्फोटही काळ्या पोकळीत एका ठिपक्यात झालेला स्फोट नव्हे. माहितीपटांतली ती चित्रं डोक्यातून काढणं हेच या वाटेवरचं सर्वांत अवघड काम.

यानंतरच ‘दिसणारं विश्व’ आणि ‘विश्व’ असे दोन कप्पे करा. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. त्यापेक्षा जास्त वेळ कोणताच प्रकाश प्रवास करू शकलेला नाही. तो वाटेत असताना जागा ताणली गेली, म्हणून दिसणाऱ्या भागाची त्रिज्या आज सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षं भरते. ही आपल्या नजरेची हद्द आहे, तिथे भिंत नाही.

भिंत नसली म्हणजे विश्व अनंतच, असंही नाही. जुन्या मोबाइलवरचा सापाचा खेळ आठवा : उजवीकडून बाहेर गेलेला साप डावीकडून आत येतो. पडदा सपाट, कडा नाही, तरी जागा मर्यादित. प्लँक उपग्रहानं मोजलेल्या आदिप्रारणावरून (महास्फोटानंतरचा, सगळ्या आकाशातून येणारा सर्वांत जुना प्रकाश) आपलं विश्व, मोजमापाच्या अचूकतेइतकं, सपाट निघालं आहे, म्हणजे त्यात समांतर रेषा समांतरच राहतात. पण सपाट असूनही ते त्या पडद्यासारखं मिटलेलं असू शकतं. तसं असेल आणि तो पडदा आपल्या नजरेच्या हद्दीत मावत असेल, तर एकच भाग दोन दिशांनी दिसून आदिप्रारणाच्या नकाशात दोन ठिकाणी एकसारखी वर्तुळं सापडायला हवीत. शोधली, सापडली नाहीत. म्हणजे विश्व तसं मिटत असलंच, तर आपल्याला दिसतं त्याहून मोठ्या पल्ल्यावर.

लहान मुलांसोबत करणार असाल तर दुपटीचा तक्ता आणि साप एवढंच घ्या. तिरक्या अंकांची गंमत पुढच्या वेळेसाठी ठेवा. एका बैठकीत दोन्ही केलं की मुलं आकाशाकडे बघायचं सोडून यादी करत बसतात.