जुन्या कुटुंब-फोटोवरून घराण्याचा शोध घेताना या चुका टाळा

चार पिढ्या एकत्र बसलेला जुना फोटो हाती आला की आपण लगेच चेहऱ्यांना नावं देऊ लागतो. घोळ इथूनच सुरू होतो. आधी फोटोचा काळ ठरवा, आणि त्यासाठी मांडीवरच्या बाळाकडे बघा. मोठ्यांचं वय ओळखताना दहा-पंधरा वर्षांचा फरक सहज पडतो. बाळ सहा महिन्यांचं की दोन वर्षांचं, हे मात्र बऱ्यापैकी कळतं. ते कोण हे पक्कं झालं की जन्मतारखेवरून फोटोचं साल जवळपास हाती येतं.

आता समजा, पणजोबा म्हणून दाखवलेले गृहस्थ त्या बाळाच्या जन्माआधीच वारल्याची नोंद सापडली. नोंदीला खोटं ठरवू नका. बहुतेकदा चेहरा ओळखण्यात चूक असते: पणजोबांचे भाऊ पणजोबा म्हणून खपून गेलेले असतात. बाळाचंही तसंच होतं, भावंडं त्या वयात सारखीच दिसतात. क्वचित गेलेल्या माणसाचं छायाचित्र मागाहून जोडलेलंही असतं. त्या चेहऱ्यावरचा उजेड आणि आकार शेजाऱ्यांशी जुळतो का, ते भिंगाखाली तपासा.

वयावरून पिढी ठरवणं हीदेखील नेहमीची चूक. मोठ्या कुटुंबात काका पुतण्यापेक्षा लहान असू शकतो, आणि दुसरेपणाची बायको सावत्र मुलीच्या वयाची. फोटोत नाही तो हयात नव्हता, असंही धरू नका.

फोटोच्या मागे लिहिलेल्या मजकुराने फार जण फसतात. ‘आजी आणि काका’ लिहिलंय, पण कोणाची आजी? लिहिणारा कोण, हे कळल्याशिवाय त्या नात्यांना अर्थ नाही. शाईही पाहा. बॉलपेन १९४० च्या दशकात बाजारात आलं. म्हणजे १९०० च्या फोटोमागचा बॉलपेनचा मजकूर कोणीतरी पुढे आठवणीवरून लिहिलेला आहे.

कागदाचं वय म्हणजे फोटोचं वय नव्हे. जुन्या फोटोंच्या प्रती पुढे अनेकदा काढल्या जात. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं येऊ लागली. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर ती प्रत साधारण त्यानंतरची, मग चित्र कितीही जुनं असो. चमकला नाही, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

धातूच्या पत्र्यावरच्या फोटोंत, म्हणजे डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये, डावं-उजवं सहसा उलटं असतं. अंगठी कोणत्या हातात, केसांचा भांग कोणीकडे, हे ठरवण्याआधी प्रतिमा उलटवून बघा. डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या रंगाबद्दलही सावध राहा: सुरुवातीच्या फोटोंत निळा रंग जवळजवळ पांढरा उमटे आणि लाल काळपट.

अस्पष्ट चेहरा अ‍ॅपने ‘स्पष्ट’ करून त्यावरून ओळख पटवणं मला सर्वांत घातक वाटतं. अ‍ॅप नाक-डोळे अंदाजाने भरतं, आणि आपण त्या अंदाजात साम्य शोधत बसतो. त्यापेक्षा निदान ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) दोन्ही बाजू स्कॅन करा. चिकट अल्बममधून फोटो ओढून काढू नका. निघत नसेल तर तिथेच कॅमेऱ्याने टिपा.

वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून विचारलंत तर पहिला बोलेल तेच सगळे म्हणतील. एकेकट्याला दाखवा आणि ‘ही आत्याच ना?’ असं सुचवू नका, ‘ही कोण?’ एवढंच विचारा. स्कॅनच्या छापील प्रतीवर चेहऱ्यांना क्रमांक द्या. प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितलं आणि कधी, हे लिहा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही नोंदवून ठेवा.