निकाल लागला, आता काय करायलास?

पदवीचा निकाल बहुतेकदा जून-जुलैत लागतो, म्हणजे मराठवाड्यात नेमका पेरणीच्या तोंडावर. घरचा पैसा बियाणं-खतात अडकलेला असतो. तेव्हा हॉटेलातली पार्टी मागू नका, पेढे वाटा. किलोत साधारण ४० ते ५० पेढे बसतात. गल्लीतली ४० घरं, कॉलेजचे शिपाईमामा आणि ग्रंथपाल धरून दीड किलो पुरतात. कुंथलगिरीचे मिळाले तर उत्तमच. पण वाटायच्या दिवशीच आणा, पावसाळी हवेत खवा लवकर आंबतो. मित्रांची सहल काढायची तर वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, हे आधी बघा. वर्गणी निघण्यापूर्वीच गोळा करा. पेट्रोलचा हिशोब परतल्यावर मांडला की दोस्तीत खडा पडतो.

पेढे संपायच्या आत कागदांना लागा. गुणपत्रकावरचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर लगेच कॉलेजमार्फत दुरुस्तीचा अर्ज द्या. एकदा पदवी प्रमाणपत्र छापून आलं, की त्याच कामाला विद्यापीठाचे हेलपाटे पडतात. ग्रंथालयाची पुस्तकं जमा करून नो-ड्यूज घ्या, मग टीसी. मूळ टीसी पुढच्या कॉलेजात एकदा गेली की सहसा परत येत नाही, म्हणून आधीच पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा. मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) विद्यापीठ बदलतानाच लागतं. पण लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं नांदेड विद्यापीठात येतात आणि बीड, जालना, धाराशिवची छत्रपती संभाजीनगरच्या. त्यामुळे परभणीहून संभाजीनगरला एम.ए.ला जाणाऱ्यालाही ते लागतं. इथं पुष्कळ जण अडकतात. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर मिळतं, तोवर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काम चालतं. आणि काहीही लॅमिनेट करू नका. पुढं त्यावर सही-शिक्का मारता येत नाही.

नॉन-क्रिमीलेयर (ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणारं प्रमाणपत्र) लागत असेल तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा हवा. प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या दिवसांत सेतूवर झुंबड असते नि सर्व्हर रखडतो, तेव्हा जाहिरात निघायची वाट पाहू नका.

आता पुढचं. बी.एड. आणि एम.बी.ए.च्या सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) अर्ज हिवाळ्यापासून भरले जातात आणि परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो. निकालानंतर जागं झालेल्याचं वर्ष गेलं म्हणून समजा. पण ते वर्ष रिकामं जायलाच हवं असं नाही. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथल्या कारखान्यांत पदवीधरांनाही अप्रेंटिस म्हणून घेतात. फक्त करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेलाय का, ते पहिल्याच आठवड्यात तपासा. नोंद नसेल तर वर्षभर राबूनही प्रमाणपत्र हाती येत नाही, आणि असं राबवून घेणारे भेटतातच.

स्पर्धा परीक्षेचा मामला वेगळा. राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे. ‘अजून लई वेळ हाये’ हे तिथूनच सुरू होतं. पुण्याची बॅग भरण्याआधी कागदावर पाच आकडे लिहा: कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, क्लासची फी, गावाकडं येण्या-जाण्याचं तिकीट. फी सोडून बाकीच्यांची महिन्याची बेरीज करा, तिला १२ ने नव्हे, १८ ने गुणा आणि वर फी मिळवा. जाहिरातीपासून अंतिम निकालापर्यंत वर्ष सहज उलटतं, म्हणून १८. डिपॉझिट वेगळं धरा. तो आकडा वडिलांना दाखवा आणि तो कापसा-सोयाबीनच्या पैशातून निघतो का, ते दोघं मिळून ठरवा. निघत नसेल तर पहिलं वर्ष जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभ्यासिकेत काढा; पुस्तकं तीच असतात. किती पूर्व परीक्षा देणार हेही आत्ताच लिहा. आमच्या मते दोन. त्या आकड्याखाली तारीख टाका आणि कागद घरच्यांकडं ठेवा, स्वतःकडं नको.

राहिले पाव्हणे. लग्नाच्या मांडवात ‘आता काय करायलास?’ विचारणारे भेटणारच. ‘बघू’ म्हटलं की अर्धा तास सल्ला ऐकावा लागतो. त्यापेक्षा महिन्याचं नाव घालून एक वाक्य तयार ठेवा: ‘मार्चपर्यंत वाळूजला अप्रेंटिस हाये, मग बी.एड.ची सीईटी.’ समोरचा पुढच्या पोराकडं वळतो.