बाळंतपणानंतरचा रक्तस्राव : लहान केंद्रातल्या सिस्टरसाठी

जिथे रक्तपेढी नाही, सर्जन नाही आणि ऑपरेशन थिएटर दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे, अशा लेबर रूममध्ये रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहितेय. मोठ्या रुग्णालयात एक हाक मारली की चार जण धावत येतात. तुमच्या हाकेला बहुतेक वेळा फक्त आया येते, म्हणून तिलाही हे वाचून दाखवा.

सगळ्यात आधी, रक्त डोळ्यांनी जोखायचं सोडा. कितीही मुरलेली सिस्टर असो, तिचा अंदाज कमीच निघतो. रक्त चादरीत मुरतं, टेबलाच्या कडेने ओघळतं, वारेबरोबर बादलीत जातं. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं की लगेच कमरेखाली ड्रेप, म्हणजे रक्त जमा होणारी, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर, सरकवा. ड्रेप नसेल तर स्वच्छ बेडपॅन ठेवा आणि जमलेलं रक्त मोजपात्रात ओता. भिजलेल्या पॅडचं वजन करून त्यातून कोरड्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. त्यासाठी बाळाचा काटा वापरू नका, वेगळा ठेवा.

मोजण्याचा एवढा आग्रह का, ते सांगते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली आले. औषधं सगळी जुनीच होती. फरक एवढाच, की रक्त ड्रेपमध्ये मोजलं आणि उपचार एकामागून एक न देता एकदमच दिले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू होणं, या सगळ्यांचं मिळून प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. ड्रेपमुळे दहापैकी नऊहून अधिक रक्तस्राव वेळेत लक्षात आले. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्मे येत होते.

आता आकडे. 500 मिली झालं की कशाचीही वाट न पाहता उपचार सुरू. 300 मिली झालं असेल आणि नाडी 100 च्या वर, किंवा वरचं बीपी 100 च्या खाली असेल, तरीही सुरू. बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका; तरुण बाळंतिणीचं बीपी बराच वेळ टिकतं आणि मग एकदम कोसळतं. आधी वाढते ती नाडी. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की गाडी बोलवा. मुळात रक्त कमी असलेल्या बाईला तर 500 मिलीदेखील झेपत नाही, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

सुरू करायचं म्हणजे नेमकं काय? एक हात पोटावर ठेवून गर्भाशय चोळत राहा, ते चेंडूसारखं घट्ट लागेपर्यंत. त्याच वेळी दुसऱ्या सिस्टरला जाड सुई लावायला आणि सलाइनमधून ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकसवणारं औषध, सुरू करायला सांगा. मात्रा तुमच्या भिंतीवरच्या प्रोटोकॉलप्रमाणे. (एकट्याच असाल तर सुई तुम्हीच लावा आणि आयाकडे चोळायचं काम द्या, तिला ते आधीच शिकवून ठेवा.) सोबत रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत सावकाश. बाळंतपणाला तीन तास व्हायच्या आतच त्याचा उपयोग होतो आणि त्या तीन तासांतही प्रत्येक पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा घटत जातो. त्यामुळे 'आधी ऑक्सिटोसिनचा गुण पाहू' असं म्हणत बसू नका. अर्गोमेट्रिन हेही गर्भाशय आकसवणारं औषध, पण बीपी वाढलेल्या बाईला ते देऊ नका.

लघवीची पिशवी (मूत्राशय) भरलेली असेल तर गर्भाशय आकसत नाही. एवढी साधी गोष्ट घाईत राहून जाते. कॅथेटर घाला, रिकामी करा.

मग शोधा, रक्त येतंय कुठून. बहुतेक वेळा गर्भाशय सैल पडलेलं असतं. पण पोटाला हात लावल्यावर ते दगडासारखं घट्ट लागतंय आणि तरी रक्त वाहतंय, तर चांगला उजेड घेऊन योनिमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड पाहा. कुठेतरी फाटलेलं असणार. वार पुरी आहे का, तेही ताटलीत पसरून बघा. एखादा तुकडा आत राहिला असेल तर कितीही चोळलं तरी काही काळाने पुन्हा सुरू होतं.

औषधांबद्दल एक सांगायचंच आहे. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. मी असे फ्रिज पाहिलेत ज्यांत लशी नीट रचलेल्या आणि ऑक्सिटोसिन मात्र बाहेर, खिडकीशेजारच्या ट्रेमध्ये, 'हाताशी हवं' म्हणून. उन्हात तापलेलं इंजेक्शन दिलं, तरी कागदावर 'दिलं' असंच लिहिलं जातं. वीज जात असेल तर वरिष्ठांकडे उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची मागणी करा. ते मात्र रक्तस्राव होऊ नये म्हणून बाळ जन्मल्याबरोबर द्यायचं औषध आहे. सुईच देता येत नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत. त्यांनी थंडी वाजून ताप येतो, घाबरू नका.

एवढं करूनही थांबत नसेल तर दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरा, एक हात आतून, एक पोटावरून, आणि गाडीत बसेपर्यंत सोडू नका. कॅथेटरला कंडोम बांधून तो गर्भाशयात घालायचा आणि सलाइन भरून फुगवायचा, ही बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांची युक्ती शिकलेली असाल, तर तीही वापरता येते, पण पुढे सर्जन आणि रक्त मिळणार असेल तिथेच. फुगा लावून बाईला तुमच्याच केंद्रात ठेवून घेऊ नका.

रेफर करताना आधी फोन करा, रक्तगट सांगा, आणि रक्त देऊ शकतील असे दोन नातेवाईक गाडीत बसवा. बाईला गुंडाळून ऊबदार ठेवा. अंग गार पडलं की रक्त गोठत नाही. चिठ्ठीवर 'पीपीएच (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव), रेफर्ड' एवढंच लिहून पाठवलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात. त्याऐवजी बाळंतपणाची वेळ, किती मिली गेलं, कोणतं औषध किती वाजता दिलं, शेवटची नाडी आणि बीपी लिहा, आणि बाईच्या हातावरही औषधाची वेळ पेनाने लिहून ठेवा. चिठ्ठी हरवते, हात हरवत नाही.

रक्त थांबलं, तर दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय, नाडी आणि पॅड पाहत राहा, निदान दोन तास. ड्रेप तेवढा वेळ काढू नका.